तंगेडे म्हणजे कुठले?

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुम्हाला रोग काही नाही, काळजी आहे. ती रोज कागदावर उतरवा. गेल्या वर्षी औषधाच्या दुकानातून मिळालेली डायरी कोरी पडली होती, तिच्यातले वार खोडून लिहितोय. सातवी नापास माणसाची डायरी कोणी वाचणार नाही, ही एक सोय आहे.

काल आकाशसाठी पैठणचे लोक घर बघायला आले होते. आकाश माझा नातू, शेंद्र्याला इंजिनिअर आहे. मुलीचं नाव संस्कृती. तीही तिकडेच कुठल्याशा कंपनीत आहे म्हणे. तिचे वडील तात्यासाहेब नवले. भारदस्त माणूस, ते बसले की खुर्चीलाच मान मिळतो. पोहे संपेपर्यंत त्यांनी आपल्या घराण्याच्या सहा पिढ्या वाढल्या. नांदरखेड्याचे नवले, पैठणपासून तीन कोस. त्या गावात जेवढे नवले तेवढे सगळे एका रक्ताचे, एका देवकाचे, आणि कोण कुठं नांदतं ते यांना तोंडपाठ. फक्त एकाचा पत्ता नाही म्हणाले. आजोबांचा कोणी चुलतभाऊ वाटणीवरून रुसून गाव सोडून गेला, तो परत आलाच नाही. त्याच्या वाट्याची जमीन यांच्याच घरात राहिली आणि आता तिथून मोठा रस्ता जातोय, सरकारचा मोबदला यायचाय. मला त्यांच्या रुसलेल्या माणसाशी काय करायचंय? मान डोलावली.

मग हात पुसत त्यांनी विचारलं, "बन्सीभाऊ, तंगेडे म्हणजे कुठले?"

माझं उत्तर चाळीस वर्षं तयार आहे. देवगिरीच्या घोडदळात घोड्याचा तंग आवळायचा मान आमच्या घराण्याकडं होता, म्हणून तंगेडे. पूर्वी एवढ्यावर भागायचं. तात्यासाहेब म्हणाले, तुमच्या मंडळींच्या, सरूबाईंच्या माहेरचे म्हस्के आमच्या माहितीतले, तेव्हा जातीचा प्रश्न नाही. पण तुमची कुळी कोणती, देवक कोणतं, भावकी कुठं आहे? मी म्हटलं, भावकी म्हणजे आम्हीच, अकरा जण. घरातले मुलगा-सून-नातू धरून पाच आणि पुण्याला माझ्या मयत भावाची पोरं-नातवंडं धरून सहा.

"अकरा माणसांची भावकी असते व्हय?" तात्यासाहेब म्हणाले. "आमच्याकडं अकरा जण नुसते वाढायला असतात."

सगळे हसले. मीपण हसलो, कारण पाहुण्यांच्या विनोदाला न हसणं बरं दिसत नाही.

जाताना सांगून गेले की आता पितृपंधरवडा लागतोय, त्यात बोलणी नकोत. बावीस तारखेला घटस्थापना, त्या दिवशी येतो. तोवर तुमचं मूळ काय ते शोधून ठेवा. नाही सापडलं तर विचार करावा लागेल. सोयरिकीत 'विचार करावा लागेल' म्हणजे काय ते मला माहीत आहे. माझ्या मुलाच्या, राजेंद्रच्या वेळी तीन घरांनी विचार केला होता, तो अजून चालूच आहे.

एक गोष्ट मात्र पाहिली. चहा देताना आकाशने संस्कृतीपुढे बिनसाखरेचा कप ठेवला. तिने काही सांगितलं नव्हतं. पोराला माणसाची पारख आहे.

७ सप्टेंबर, रविवार

राजेंद्र वाळूजला सुपरवायझर आहे. रविवारी तिथं सुट्टी असते म्हणून घरी माझ्यावर देखरेख करतो. आज सेवा केंद्रातून आडनाव बदलायचा अर्ज घेऊन आला. राजपत्रात छापून आलं की झालं, म्हणाला. खापरवाडीकर व्हायचं. गाव पिशोरजवळची खापरवाडी, म्हणून खापरवाडीकर. कोणी कुठले म्हणून विचारायलाच नको.

मी म्हटलं, आहे ते नाव कशाला टाकायचं? म्हणाला, "अप्पा, अख्ख्या शहराचं नाव बदललं, तुम्ही एवढ्याशा आडनावाचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, शहराला कुठं सोयरीक जुळवायची होती? आणि रिक्षावाले दोन्ही नावांना तेवढंच भाडं घेतात.

पुण्याला फोन केला. पुतणे म्हणाले, काका, अर्ज करताच आहात तर आमचंही त्यातच बघा, इथं सगळे तंगडी-तंगडी म्हणून जीव खातात. म्हणजे अकरातले नऊ गेले. उरलो मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आणि सरूबाई बहात्तरची. आम्हाला नवे तंगेडे होण्याची शक्यता डॉक्टरसुद्धा सांगणार नाहीत.

आकाश म्हणाला, "आबा, कॉलेजात मला लेगपीस म्हणायचे. तरी तुम्ही नको म्हणालात तर मी सही करणार नाही." पोरगं संस्कारी आहे. म्हणजे लग्न मोडलं तर ते पाप माझ्या डोक्यावर.

सरूबाईचं मत मी विचारलं नव्हतं, तरी ते आलं. "मी म्हस्क्यांची एका दुपारीत तंगेडे झाले. अक्षदा पडल्या, जेवणं झाली, बदललं आडनाव. तवा कुणाचं बीपी वाढलं नाय." पुढं म्हणाली, "आणि हे आडनाव शाळेतून आलंय. सासूबाई सांगायच्या..." मी तिला तिथंच थांबवलं. शाळेतून पाटी येते, उवा येतात. आडनाव येत नाही. बाईमाणसाला इतिहास समजावणं अवघड.

९ सप्टेंबर, मंगळवार

आकाशने मोबाईलवर 'तंगेडे' शोधून दाखवलं. पहिला फोटो माझाच, पंचाहत्तरीचा, तोंडात केक. दुसरा राजेंद्रचा. म्हणजे जगात आमचं मूळ शोधायला गेलं तर आमच्याच घरात येऊन पोचतं.

पंधरवडा लागला. गल्लीत रोज कोणाचे ना कोणाचे पितर खीर-वडे खाऊन जाताहेत. माझे अजून पत्ता विचारत फिरत असतील.

११ सप्टेंबर, गुरुवार

औरंगपुऱ्यात इलियासकडे गेलो. मी कॉलेजात शिपाई होतो तेव्हा तिथली फाटकी पुस्तकं बांधायला त्याच्या दुकानात नेऊन टाकायचो, तेव्हापासूनची दोस्ती. आता बाइंडिंगचं दुकान त्याचा मुलगा हारिस बघतो आणि हा स्टुलावर बसून त्याच्या चुका काढतो. सगळी हकिगत ऐकून म्हणाला, "बन्सी, तेरे घोडे बाद में ढूंढेंगे, पैले तेरा दाखला बता."

शाळा सोडल्याचा दाखला पिशवीत होताच. काळजी करणाऱ्या माणसाच्या पिशवीत सगळं असतं. इलियास म्हणाला, आडनाव कागदावर आलेली ही तुझी सगळ्यात जुनी जागा. तुझ्या वडिलांचा काही कागद आहे का? नाही. वडील खापरवाडीत सालगडी होते. सालगड्याला अंगठा असतो, कागद नसतो. पैठणकडून आले होते एवढंच माहीत. गावात कोंडिबा पैठणवाला म्हणायचे. भावाबंदांचं नाव काढलं की ताटावरून उठून जायचे, म्हणून आम्ही काढत नव्हतो. जेवण महाग होतं.

"तुला शाळेत घातलं कोणी?" इलियासने विचारलं.

घातलं कोणी नाही, ओढून नेलं. आमच्या गावाला रामय्या मास्तर होते. निजामाच्या राज्यातली माणसं कुठून कुठं फेकली जायची, तसे हे तेलंगणातून खापरवाडीत येऊन पडले होते. मोठा भोचक माणूस. सलग तीन सकाळी आमच्या खोपटापुढं येऊन उभे. वडील म्हणाले, पोरगं शाळेत गेलं तर शेळ्या कोण राखंल? मास्तर म्हणाले, शेळ्याही घेऊन ये. आणि खरंच शाळेमागच्या लिंबाला चार शेळ्या बांधल्या. त्या वर्गातच बसल्यासारख्या ओरडायच्या आणि पोरं माझ्याकडं बघून हसायची. दुपारच्या सुट्टीत पोरं खेळायची आणि मास्तर स्वतः शेळ्यांना पाला घालायचे, मला पाढे म्हणायला लावून. खेळायचं सुखसुद्धा मिळू दिलं नाही. सदराही त्यांचाच फाडून शिवलेला. मला ढगळ व्हायचा, त्यावरूनही हसणं. पाढा चुकला की निरगुडीची छडी. एकटे राहायचे, बायको नाही, पोर नाही. चिंचेचा भात करायचे, त्याचा वास वर्गापर्यंत यायचा.

छप्पन साली भाषेची राज्यं झाली तेव्हा ते आपल्या मुलखात गेले. जाताना वडिलांना म्हणाले, याला माझ्याबरोबर द्या, शिकवतो. वडील नाही म्हणाले. थोडक्यात वाचलो, नाहीतर आज ही डायरी तेलुगूत लिहावी लागली असती. पुढं सातवीत गणितात गचकलो, कारण छडी मारणारं कोणी उरलं नव्हतं.

हे सगळं सांगितलं तर इलियासने दाखल्याची घडी घालून तो माझ्या पिशवीत ठेवला. मग म्हणाला, रजिस्टर बघायला जाऊ, मीही येतो. म्हातारा आहे, त्याला फिरायची हौस.

१३ सप्टेंबर, शनिवार

आकाशने खापरवाडीच्या मुख्याध्यापिका बाईंचा नंबर मिळवला. बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, जुनी रजिस्टरं पेटीत आहेत, वरची उर्दूत, खालची मराठीत. सतराला मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनाला सगळे असतात, तेव्हा या, काढून ठेवते.

दुपारी तात्यासाहेबांचा फोन. मूळ सापडलं का? म्हटलं, उर्दूतले कागद काढायला लावलेत. 'उर्दूतले' ऐकून आवाज नरमला. जुना कागद म्हटला की माणसं बसल्याबसल्या वाकतात.

सरूबाई पुन्हा म्हणाली, अहो, सासूबाई काय सांगायच्या ते ऐका तरी. म्हटलं, आता पुरावाच येतोय, ऐकीव गोष्टी नकोत.

१७ सप्टेंबर, बुधवार

पहाटे निघालो. पंचाहत्तरीच्या वरच्यांना एस.टी. फुकट, म्हणून मला तिकीट नाही. इलियास शाळेच्या हिशोबाने चौऱ्याहत्तर, त्याला अर्धं. वाटेत पिशोर येईपर्यंत तो मास्तरांना शिव्या देत होता. माझ्या नव्हे, त्याच्या मास्तरांना, ज्यांनी त्याचं वय एका वर्षाने कमी लावलं.

झेंडावंदन झालं, पोरांना जिलबी वाटली, आम्हालाही मिळाली. मग बाईंनी रजिस्टर पुढं ठेवलं. पानं उलटताना इलियासचा हात असा चालला की बाई म्हणाल्या, चाचा, तुम्हीच बांधून द्या की हे. अर्ध्या तासाने त्याचं बोट थांबलं. सन एकोणीसशे त्रेपन्न. त्याने मोठ्याने वाचलं आणि मी दाखल्याच्या मागच्या बाजूला उतरवलं:

बन्सी, वल्द कोंडिबा नवले. साकिन नांदरखेडा, तालुका पैठण. पेशा सालगडी. सरपरस्त रामय्या तंगेडे, मुदर्रिस. साकिन कोत्तापल्ली.

मी म्हटलं, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. "वल्द म्हणजे मुलगा. साकिन म्हणजे राहणार. मुदर्रिस म्हणजे मास्तर. सरपरस्त म्हणजे पालक," तो म्हणाला. "बाप हजर नव्हता, तर मास्तरने तेरे सरपरस्त में खुद का नाव डाला."

मग बाईंनी सत्तावनचं मराठी रजिस्टर काढलं. उर्दूवरून नवीन उतरवून घेतलेलं, दुसऱ्या कोणाच्या हातचं. त्यात सरळ: तंगेडे बन्सी कोंडिबा. उतरवणाऱ्याने पालकाचं आडनाव उचलून पोराला लावलं आणि घरी जेवायला गेला असेल. धाकट्या भावाला शाळेत घातलं तेव्हा माझं बघून त्यालाही तेच.

म्हणजे घोडदळ नाही, किल्ला नाही, तंग नाही. तंगेडे घराण्याचा मूळ पुरुष मीच. नकलेतली चूक म्हणून जन्मलो आणि चाळीस वर्षं लोकांना देवगिरी दाखवत होतो.

तासभर वाईट वाटलं. मग परतीच्या बसमध्ये एकदम उजेड पडला. आम्ही नवले! नांदरखेड्याचे! तात्यासाहेबांच्याच गावचे, त्यांच्याच कुळीचे, त्यांच्याच देवकाचे! भावकी नाही म्हणत होते ना? आता भावकी त्यांच्याच अंगणात निघाली. यापेक्षा चांगलं मूळ कोणतं? खापरवाडीकरही नको, अर्ज सरळ 'नवले' म्हणूनच करायचा. बसमधूनच राजेंद्रला फोन केला. तो ऐकून काहीच बोलला नाही. आनंदाने वाचा बसली असेल. इलियास खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, घरी जाऊन भाभीला सांग आधी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सरूबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे संस्कृती आकाशची बहीण लागली."

एवढंच. आणि तांदूळ निवडत राहिली.

एका कुळीत, एका देवकात लग्न होत नाही हे शेंबड्या पोराला कळतं. मी काल येताना मूळ सापडल्याचे पेढे घेऊन आलो होतो. ते तसेच फडताळात आहेत.

"सासूबाई हेच सांगायच्या," सरूबाई पुढं म्हणाली. "मास्तरनं पोटच्या पोरासारखं नाव लावलं, म्हणायच्या. मूळचं काय ते मामंजींनी त्यांनाबी सांगितलं नव्हतं. पण तुम्ही पन्नास वर्षांत वाक्य पुरं करू दिलं असतं, तर म्या म्हणले असते, जे झाकलंय ते नका उकरू."

पितृपंधरवड्यात पितर शोधायला निघालो आणि नातवाची सोयरीक पुरून आलो.

२० सप्टेंबर, शनिवार

घरात तीन दिवस कोणी धड बोलत नाही. राजेंद्र म्हणतो, गप्प बसायचं. रजिस्टर पेटीत गेलं, पेटीला कुलूप लागलं, विषय संपला. तात्यासाहेबांना देवगिरी सांगा आणि अर्जात खापरवाडीकर लिहा. मी म्हटलं, उद्या कुठून कळलं तर? लेकरांच्या संसारात विस्तू पडेल. राजेंद्र म्हणाला, "कळणार कुठून? तुम्हीच सांगाल. तुम्हाला दुसरं काय जमतं?"

हे खरं आहे. खोटं बोलायला धीटपणा लागतो आणि लक्षात ठेवावं लागतं. माझ्याकडं दोन्ही नाही.

आकाशला ऐकून काही खाववेना. काल गाडी घेऊन बाहेर गेला तो चार तासांनी आला, डोळे लाल. मी म्हटलं, हेल्मेट घालत जा, धूळ जाते. दुपारी त्या संस्कृतीचा फोन सरूबाईला आला. पोरगी रडत होती म्हणे, "आजी, तीन वर्षं..." आणि पुढं बोलता येईना. बघण्याचा कार्यक्रम होऊन पंधरा दिवस झाले, तीन वर्षांचं काय झालं तिला? हल्लीच्या पोरी मनाच्या फार हळव्या. सरूबाईने मला मात्र काही समजावलं नाही, नुसतं बघितलं.

एक गोष्ट मनातून जात नाही. बाप जिवंत असताना, दुसऱ्याच्या पोराच्या पालकाच्या रकान्यात माणूस आपलं नाव का लिहितो? आणि मला त्याची फक्त छडी आठवते.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांना आज जेवू घालतात. आईवडिलांचा घास दरवर्षी असतोच. सकाळी सरूबाई म्हणाली, आज एक पान मास्तरांचं. त्यांना कोण घालत असंल?

पितराच्या जागी कोणीतरी जेवायला बसवावं लागतं. मी गल्लीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची नावं काढली. सरूबाई म्हणाली, "ज्याला मास्तरांचं अक्षर कळलं, त्यालाच बोलवा." इलियासला फोन केला आणि भीत भीत सांगितलं की मेलेल्या माणसाच्या जागी जेवायचंय. त्याने विचारलं, वडे आहेत ना?

आला, पाटावर बसला. सरूबाईने खीर, वडे, कढी, भाजी आणि आयुष्यात पहिल्यांदा चिंचेचा भात केला होता. फार आंबट झाला. इलियासने सगळा संपवला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "भाभी, मास्तर अकेला क्यों रहता था, अब समझा."

आम्ही तिघेही हसलो. मग तो हात धुवायला उठला आणि मी एकदम आत गेलो. कांदा चिरायचा राहिला होता. चिरायला कांदाच नव्हता, पण आत गेलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

तात्यासाहेब दहा वाजता आले, संस्कृती आणि तिच्या आईला घेऊन. पोरीचा चेहरा उतरलेला. सरूबाईने घट बसवला होता. राजेंद्रने भरलेला अर्ज टेबलावर ठेवला, खापरवाडीकर असा, आणि माझ्याकडं असा बघत होता की मी जणू गॅसची शेगडी आहे आणि कोणत्याही क्षणी पेटेन.

पेटलो. तात्यासाहेबांनी विचारलं, "मग बन्सीभाऊ, काय निघालं?" आणि मी सगळं सांगितलं. शेळ्या, सदरा, रजिस्टर, नक्कल. शेवटी म्हटलं, "तात्यासाहेब, आम्ही तुमच्यातलेच आहोत. माझे वडील कोंडिबा नवले, नांदरखेड्याचे. मला माफ करा."

राजेंद्रने डोळे मिटले. आकाश उभाच होता. संस्कृतीने आईचा हात धरला.

तात्यासाहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मला वाटलं आता उठून जातील. पण त्यांनी विचारलं, "वाटणीचं काही लिहिलंय का त्यात?"

हा प्रश्न मला कळला नाही. शाळेच्या रजिस्टरात वाटणीचं कशाला असेल? म्हटलं, नाही, नुसतं नाव-गाव.

"कोंडिबाच नाव आहे? नीट वाचलंय?"

म्हटलं, हो, दोनदा.

तात्यासाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. पंखा चालू होता. मग विचारलं, "कोणत्या भाषेत आहे ते?"

"उर्दूत."

"आणि मराठीत?"

"मराठीत तंगेडे."

तात्यासाहेब खुर्चीत मागं टेकले. "आमच्यात कुणाला उर्दू येत नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, माझा दोस्त इलियास वाचतो, तो येऊन... सरूबाईने माझ्या पायावर पाय दिला. तात्यासाहेब म्हणाले, "त्यांना लग्नाला बोलवा. चांगला फेटा बांधू. पण वाचायला नको लावू म्हाताऱ्या माणसाला." मग टेबलावरचा अर्ज उचलला, चष्मा लावून वाचला, चार घड्या करून स्वतःच्याच खिशात घातला. "हे असलं काही काढू नका. कागदावर आहात तेच राहा. उद्या कुणी बाकीचं खणत बसायला नको. तुम्ही तंगेडे, पोरं तंगेडे, त्यांची पोरंबी तंगेडेच."

त्या दिवशी हाच माणूस आमच्या अकरा जणांवर हसला होता. आज फडताळातले पेढे खात त्याने मेव्हण्याला फोन लावला आणि माझ्यादेखत सांगितलं, "तंगेडे. लई जुनं घराणं, तेलंगणाकडचं. फार थोडी माणसं राहिलीत." आमच्या नावाविषयी त्यांना एवढा जिव्हाळा एकाएकी कुठून आला, मला समजत नाही. राजेंद्रला समजलं असावं, कारण तो पहिल्यांदाच मला 'अप्पा, बसा' म्हणाला. संस्कृतीने स्वतः उठून चहा केला, तिला साखरेचा डबा कुठं असतो ते बरोबर सापडलं.

निघताना तात्यासाहेबांनी खिशातून पेन काढलं. पत्रिकेत मुलाकडचं मूळ गाव छापावं लागतं, म्हणाले. नांदरखेडा तर नकोच, आणि खापरवाडी म्हटलं की कोणीतरी तिथं चौकशीला जाईल. रजिस्टरात आणखी कोणतं गाव आहे का?

मी दाखल्याची मागची बाजू काढून वाचलं. "कोत्तापल्ली."

"कोत्तापल्ली," तात्यासाहेबांनी जपून लिहून घेतलं. "चांगलं वाटतं. भारदस्त आहे."

पाहुणे गेल्यावर सरूबाई घटापुढं दिव्यात तेल घालत होती. मी तिला म्हटलं, मास्तरांचं गाव लग्नपत्रिकेत छापून येणार. तिने विचारलं, त्यांच्या स्वतःच्या लग्नाची कधी छापली असंल का? म्हटलं, नाही. त्यांना तीन सकाळी आमच्या दारात उभं राहायचं होतं.